पहिली रिग विकत घेताना

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीसाठी आलेल्या माझ्या ओळखीच्या मराठी मुलामुलींपैकी काही जण टँडम उडीवर, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून घेऊन घ्यायच्या उडीवर, न थांबता रीतसर स्कायडायव्हिंग शिकू लागली आहेत. येथील यूएसपीए या स्कायडायव्हर्सच्या राष्ट्रीय संघटनेचा 'ए', म्हणजे पहिल्या पातळीचा, परवाना मिळण्यासाठी किमान २५ उड्या लागतात. तो हातात पडला की शाळेची भाड्याची उपकरणे नकोशी होतात आणि स्वतःची रिग, म्हणजे उडीचा संपूर्ण पॅराशूट-संच, घ्यावी असे प्रत्येकालाच वाटू लागते. मग 'पहिली रिग कोणती घेऊ?' हा प्रश्न माझ्याकडे येतो, आणि सोबत कुठल्यातरी जाहिरातीतला एका चकचकीत, लहान, वेगवान पॅराशूटचा फोटोही येतो. त्या फोटोला मी बहुधा नकारच देतो. रिग निवडायची ती आपल्या उत्तम उडीसाठी नव्हे. अचानक वारा फिरलेला असतो, दिवसभराच्या उड्यांनी अंग दमलेले असते, नेहमीच्या मैदानाऐवजी भलत्याच शेतात उतरावे लागते. त्या उडीसाठी रिग निवडायची असते. पुढे जे लिहितो आहे ते याच एका विचारातून आले आहे. यातील नियम अमेरिकेतले आहेत, आणि हा लेख प्रशिक्षकाच्या किंवा रिगरच्या, म्हणजे पॅराशूट तपासणाऱ्या-बांधणाऱ्या परवानाधारक तंत्रज्ञाच्या, सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही, हे आरंभीच स्पष्ट करतो.

रिगमध्ये मुख्यतः चार वस्तू येतात. अंगाला बांधायचा हार्नेस आणि त्याला पाठीशी शिवलेला कंटेनर ही एक वस्तू झाली. उरलेल्या तीन म्हणजे मुख्य पॅराशूट, राखीव पॅराशूट आणि एएडी, म्हणजे उडी घेणाऱ्याने वेळेत काही केले नाही तर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारे यंत्र. यांपैकी हार्नेस-कंटेनर आणि राखीव पॅराशूट यांना येथील विमानवाहतूक प्रशासनाच्या, म्हणजे एफएएच्या टीएसओ-सी२३ या मानकाची मान्यता लागते. मुख्य पॅराशूटला मात्र अशी कोणतीही सरकारी मान्यता लागत नाही. ते कसे उडते, कोणाला झेपते आणि कोणाला झेपत नाही याचा निर्णय उत्पादकाच्या सूचनांवर आणि घेणाऱ्याच्या विवेकावर सोडलेला आहे. नवीन माणूस सर्वांत जास्त वेळ मुख्य पॅराशूटचे रंग आणि मॉडेल पाहण्यात घालवतो, म्हणून हा फरक आधी लक्षात आणून द्यावासा वाटतो.

खरेदीची सुरुवात राखीव पॅराशूटपासून करावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. ते वापरण्याची वेळ येईल तेव्हा आपण कोणत्या अवस्थेत असू हे सांगता येत नाही. दुसऱ्या जम्परशी टक्कर होऊन खांदा निखळलेला असू शकतो, किंवा शुद्धच हरपलेली असू शकते. तशा वेळी टॉगल, म्हणजे पॅराशूट वळवण्याच्या दोऱ्यांच्या मुठी, ओढून, वेळेवर फ्लेअर करून, म्हणजे टेकण्याआधी वेग मोडून, हलकेच उतरणे शक्य नसते; पॅराशूट जसे आणि जेथे नेईल तेथे, त्याच्याच वेगाने जमिनीला टेकावे लागते. तरीही कंटेनर लहान आणि देखणा दिसावा म्हणून राखीव पॅराशूट एक-दोन मापांनी लहान घेण्याची पद्धत सर्रास दिसते. प्रत्येक राखीव पॅराशूटवर कमाल वजनाची मर्यादा छापलेली असते आणि लोक तिच्या आत बसलो म्हणजे झाले असे समजतात. ती मर्यादा कापडाच्या आणि शिवणीच्या मजबुतीची असते, आपण बेशुद्ध असताना सुखरूप उतरू याची ती हमी नसते.

मुख्य पॅराशूटच्या बाबतीत सगळी चर्चा विंग लोडिंगभोवती फिरते. कपडे, हेल्मेट आणि संपूर्ण रिग यांसह आपले एकूण वजन पौंडांत घ्यायचे आणि त्याला कॅनपीच्या, म्हणजे पॅराशूटच्या उघडलेल्या कापडाच्या, चौरस फुटांनी भागायचे. येणारा आकडा म्हणजे विंग लोडिंग. 'ए' परवानाधारकाने तो १ च्या वर जाऊ देऊ नये, हा सर्वमान्य सल्ला आहे. समजा आपले वजन ७० किलो, म्हणजे सुमारे १५४ पौंड आहे. उपकरणे आणि कपड्यांचे २५ पौंड धरले, तर विमानातून बाहेर पडताना आपण १८० पौंडांच्या आसपास असतो. अशा माणसासाठी १९० चौरस फुटांची कॅनपी योग्य ठरते. त्याने मित्राकडे स्वस्तात मिळाली म्हणून १५० ची घेतली, तर आकडा १.२ वर जातो आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक चुकीला सुधारण्यासाठी मिळणारा वेळ कमी होतो.

या हिशेबात एक गोष्ट हमखास निसटते आणि ती आपल्याकडच्या लहान चणीच्या मुलींना अधिक लागू आहे. पन्नास किलो वजनाच्या मुलीचे एकूण वजन साधारण १३५ पौंड भरते. म्हणजे केवळ भागाकार पाहिला तर १३५ चौरस फुटांची कॅनपी तिला बरोब्बर बसते. पण विंग लोडिंग तेच असले तरी लहान कॅनपी मोठ्या कॅनपीसारखी वागत नाही. तिच्या दोऱ्या आखूड असतात, टॉगल तेवढाच ओढला तरी ती कितीतरी झटकन वळते आणि वळताना झपाट्याने खाली झेपावते. म्हणून दीडशे चौरस फुटांच्या खाली उतरण्याची घाई हलक्या माणसानेही करू नये. 'तू तर किती बारीक आहेस, तुला याहून लहानच हवे' असे हँगरमध्ये कोणी मनापासून सांगितले, तरी ते ऐकू नये.

हा आग्रह कशासाठी, तेही सांगायला हवे. स्कायडायव्हिंगमधला मृत्यू म्हटले की न उघडलेले पॅराशूट आपल्या डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात गेल्या काही दशकांतील गंभीर अपघातांचा मोठा वाटा व्यवस्थित उघडलेल्या, धडधाकट कॅनपीखाली झालेला आहे. जमिनीजवळ कुंपण किंवा दुसरा जम्पर समोर येतो, किंवा वाऱ्याची दिशा चुकल्याचे ध्यानात येते. घाबरून एक टॉगल जोराने ओढला जातो. कॅनपी वळता वळता खाली झेपावते आणि ती पुन्हा डोक्यावर येण्याइतकी उंचीच उरलेली नसते. मोठी कॅनपी अशा वेळी काही क्षण अधिक देते. दोन्ही टॉगल अर्धवट ओढलेले ठेवून सपाट, संथ वळण घेणे, आणि तेही जमले नाही तर वाऱ्याचा विचार सोडून सरळ उतरून पाय जोडून लोळण घेणे, हे मोठ्या कॅनपीवर आधी पक्के व्हावे. 'बी' परवान्यासाठी कॅनपी हाताळणीचे प्रशिक्षण आता आवश्यक आहे, पण तोवर थांबण्याचे कारण नाही. माप कमी करायचे झाल्यास एका वेळी एकच पायरी उतरावी. ड्रॉपझोन, म्हणजे उड्यांचे ठिकाण, समुद्रसपाटीपासून बराच उंच असेल, तर विरळ हवेमुळे तीच कॅनपी अधिक वेगाने जमिनीवर येते, हेही ध्यानात ठेवावे; फ्लोरिडातल्या डीलँडला सरावलेल्या माणसाला कोलोरॅडोत हा फरक पहिल्याच लँडिंगला जाणवतो.

पहिली रिग नवी करकरीत असण्याची काहीच गरज नाही. वापरलेली घेणे अधिक शहाणपणाचे आहे, कारण पुढे माप बदलणारच असते. मात्र पैसे देण्याआधी ती आपल्या विश्वासाच्या रिगरकडून, विकणाऱ्याच्या नव्हे, तपासून घ्यावी. मी अशा तपासण्या शेजारी उभा राहून पाहिल्या आहेत आणि प्रत्येक नव्या जम्परने एकदा तरी पाहाव्यात असे मला वाटते. रिगर कॅनपी लांब टेबलावर पसरतो, एकेक सेल, म्हणजे हवा भरणारा कापडी कप्पा, उघडून आतल्या शिवणी प्रकाशात धरतो, दोऱ्यांच्या जोड्या ताणून लांबी जुळते का ते पाहतो आणि टॉगलजवळचा ब्रेकच्या दोरीचा भाग बोटांत फिरवून पाहतो. सगळ्यांत आधी झिजतो तो हाच भाग. स्पेक्ट्राच्या दोऱ्या असतील तर प्रश्न झिजण्यापेक्षा आक्रसण्याचा असतो: कॅनपी उघडताना स्लायडर, म्हणजे उघडण्याचा वेग आवरणारा कापडी चौकोन, दोऱ्यांवरून घासत खाली येतो, त्या घर्षणाच्या उष्णतेने दोऱ्या हळूहळू आखूड होतात, आणि स्लायडरच्या कड्यांशी जास्त घासणाऱ्या बाहेरच्या दोऱ्या आतल्यांपेक्षा अधिक आखूड होतात. मग कॅनपीचा तोल बिघडतो, ती वेडीवाकडी किंवा दणक्याने उघडू लागते, आणि मालकाला वाटते की आपली घडीच चुकते आहे. व्हेक्ट्रान आक्रसत नाही, पण झिजून पुरेशी सूचना न देता तुटू शकते. डेक्रॉन जाड असते आणि जास्त जागा घेते. मात्र ते ताणले जात असल्यामुळे उघडण्याचा धक्का सौम्य लागतो. नवशिक्याला तो सौम्यपणा फायद्याचाच आहे. दोऱ्यांचा नवा संच बसवावा लागणार असेल, तर तो खर्च धरूनच किंमत ठरवावी.

हार्नेस अंगाला बसतो की नाही हे केवळ घालून पाहून कळत नाही. उभे असताना तो ठीक वाटतो. टांगून पाहिल्यावर मात्र उंच माणसासाठी शिवलेल्या हार्नेसमध्ये बुटक्या माणसाचे खांद्याचे पट्टे वर सरकतात आणि हँडल अपेक्षित जागी राहत नाहीत. आणीबाणीत हात सवयीच्या जागी जातो. तेथे हँडल नसेल, तर शोधण्यात जाणारे सेकंद परत मिळत नाहीत. साधारण ताशी १९० किलोमीटर वेगाने पडताना प्रत्येक १,००० फुटांना साडेपाच-सहा सेकंदच लागतात. हार्नेसचे माप बदलून मिळते, ते काम मास्टर रिगरकडून, म्हणजे वरच्या परवान्याच्या रिगरकडून, करून घ्यावे. कंटेनरमध्ये आपल्या मापाची दोन्ही पॅराशूट योग्य ताणाने मावतात का, याचीही खात्री उत्पादकाच्या तक्त्यावरून करून घ्यावी. कोंबून बसवलेले राखीव पॅराशूट बाहेर पडायला अडखळू शकते आणि मुख्य पॅराशूट सैल बसले असेल तर त्याचा कप्पा बंद ठेवणारी पिन नको तेव्हा निघू शकते.

आता थ्री-रिंगविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण रिगवरचा हा सर्वांत साधा दिसणारा आणि सर्वाधिक दुर्लक्षित होणारा भाग आहे. बिघडलेले मुख्य पॅराशूट सोडून देण्यासाठीची ही रचना बिल बूथ यांनी १९७० च्या दशकात तयार केली. प्रत्येक खांद्यावर एक मोठे कडे, त्यातून उलटवलेले मधले कडे, त्यातून उलटवलेले लहान कडे आणि शेवटी एक पांढरी दोरीची फास. त्या फासेतून पिवळी, प्लास्टिकचे आवरण असलेली केबल जाते. प्रत्येक कडे तरफेसारखे काम करून ताण कमी करत नेते, त्यामुळे वर पूर्ण वजन लोंबत असतानाही त्या फासेवर अगदी थोडा भार येतो आणि उजव्या बाजूचे लाल हँडल माणसाला हाताने ओढता येते. मात्र महिनोन्‌महिने एकाच घडीत राहिलेली राइजरची, म्हणजे हार्नेसला कॅनपीच्या दोऱ्यांशी जोडणारी, पट्टी ताठर होते आणि केबलवर मळ साचतो. दोन्हींमुळे हँडल ओढायला जास्त जोर लागतो किंवा कडी चटकन उलटत नाहीत. म्हणून महिन्यातून एकदा जमिनीवर थ्री-रिंग सोडावे, पट्ट्या हाताने पिळून, वाकवून मऊ कराव्यात, केबल पुसून उत्पादकाने सांगितलेले वंगण लावावे आणि सर्व पुन्हा जोडून जाणत्या माणसाला दाखवावे. हे काम अर्ध्या तासातही पुरे होते, आणि तरीही हे नियमाने करणारे लोक मला फार थोडे भेटले, याची खंत वाटते.

एएडी घ्यावे की नाही हा माझ्या दृष्टीने चर्चेचा विषयच नाही. जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांनी विकसित केलेले सायप्रेस १९९१ साली बाजारात आले आणि त्यानंतर अशा यंत्रांवरचा जुना अविश्वास हळूहळू मावळला. त्याच्या 'एक्स्पर्ट' प्रकारात साधारण ७५० फुटांवर पडण्याचा वेग सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त असेल, तर एक छोटे पाते राखीव पॅराशूटची क्लोजिंग लूप, म्हणजे कंटेनर बंद ठेवणारी दोरीची फास, कापते. यंत्राचे काम एवढेच. पॅराशूट बाहेर ओढण्याचे काम त्यानंतर स्प्रिंगच्या पायलट शूटने, म्हणजे आधी बाहेर पडून मोठे पॅराशूट ओढणाऱ्या छोट्या पॅराशूटने, करायचे असते. 'स्टुडंट' प्रकारात ही वेगमर्यादा फार खाली, सेकंदाला १३ मीटर असते, म्हणून वापरलेले यंत्र घेताना ते कोणत्या प्रकारचे आहे, उत्पादनाचा महिना कोणता आणि देखभाल केव्हा झाली, हे पाहावे. यंत्र चालू करताना ते जमिनीची पातळी मोजते, त्यामुळे ते घरी नव्हे, विमान जेथून उडणार तेथेच चालू करावे. रिग गाडीत घालून दुसरीकडे नेऊन परत आणली असेल, तर बंद करून पुन्हा चालू करावे. आणि यंत्र बसवलेले आहे म्हणून आपली जबाबदारी तसूभरही कमी होत नाही. 'ए' परवानाधारकाने ३,००० फुटांपर्यंत मुख्य पॅराशूट उघडायचे असते आणि ते ठीक नसेल तर २,५०० फुटांवर ते सोडण्याचा निर्णय घ्यायचा असतो. १,००० फुटांच्या खाली आल्यावर मुख्य पॅराशूट सोडण्याचा विचार करायचा नसतो, थेट राखीव उघडायचे असते.

राखीव पॅराशूट एफएएचा परवाना असलेला रिगरच बांधतो. दर १८० दिवसांनी ते उघडून, तपासून पुन्हा बांधावे लागते. रिगर पिनवर लाल दोरा गुंफून शिशाचे सील लावतो आणि कार्डावर तारीख व सही करतो. मुख्य पॅराशूट मात्र त्यानंतर उडी घेणारी व्यक्ती स्वतः बांधू शकते, आणि पैसे देऊन बांधून घेण्याची सोय असली तरी हे काम प्रत्येकाने शिकावेच. नव्या झेडपी, म्हणजे 'झिरो पोरॉसिटी', कापडातून हवा जवळजवळ आरपार जात नाही आणि ते इतके गुळगुळीत असते की पहिले काही आठवडे पिशवीत शिरता शिरत नाही; तेव्हा चिडून कोंबाकोंबी केली जाते, आणि नंतरचे दणके तेथूनच सुरू होतात. प्रो-पॅक पद्धतीत दोऱ्या खांद्यावर घेऊन कॅनपीचे कापड दोऱ्यांच्या दोन्ही बाजूंना निऱ्यांसारखे सारखे करत जायचे असते. निऱ्या किंचित इकडेतिकडे झाल्या तर बहुधा फारसे बिघडत नाही. बिघडते ते चार ठिकाणी: दोऱ्यांचा एकमेकांत पीळ पडला, ब्रेक नीट अडकवलेले नसले, स्लायडर पूर्ण वर नेऊन चारही भागांत पसरलेला नसला, किंवा दोऱ्या रबरात सैल गुंडाळल्या. स्लायडर खाली राहिला तर कॅनपी एकदम फुगते आणि तो धक्का मणक्याला इजा करू शकतो. दोऱ्या सैल गुंडाळलेल्या असल्या तर त्या पूर्ण ताणल्या जाण्याआधीच कॅनपी पिशवीतून बाहेर पडते आणि परिणाम तोच होतो.

याखेरीज एक बारीक गोष्ट आहे, आणि ती पाहिल्याशिवाय मी कंटेनर बंद करत नाही. हल्लीचे बहुतेक पायलट शूट उघडल्यानंतर आपोआप मिटणारे असतात, म्हणजे बांधताना प्रत्येक वेळी आतली दोरी ओढून ते पुन्हा सज्ज करावे लागतात. पायलट शूटला जोडलेल्या ब्रायडलच्या पट्टीवर यासाठी एक लहानशी खिडकी ठेवलेली असते. दोरी ओढलेली असेल तर तिच्यातून हिरवा किंवा निळा रंग दिसतो. रंग दिसला नाही तर पायलट शूट हवेत फेकूनही फुगत नाही, पिन ओढण्याइतका जोर त्याला येत नाही, आणि ते पाठीमागे नुसते फडफडत राहते. घाईच्या दिवशी, विमानाची दहा मिनिटांची सूचना झालेली असताना, कोणी बोलायला आले तर बांधकाम थांबवावे, बोलून घ्यावे आणि मग सुरुवातीपासून सगळे पुन्हा पाहावे. क्लोजिंग लूप कुरतडलेली दिसली की तिथल्या तिथे बदलावी; तिची किंमत नगण्य आहे, आणि ती तुटून विमानाच्या उघड्या दारात पॅराशूट सुटले तर धोका एकट्याचा नसतो, वैमानिकासह सगळ्यांचा असतो.

रिग अंगावर चढवण्याआधी, विमानात बसण्याआधी आणि दार उघडण्याआधी अशी तीनदा तपासणी करावी: तीन कड्यांची रचना, छातीचा आणि दोन पायांचे असे तीन पट्टे, आणि तीन हँडल. छातीचा पट्टा बकलमधून बरोबर ओवला आहे ना, हे बोट लावून पाहावे, कारण चुकीचा ओवलेला पट्टा वरवर पाहता अगदी योग्य दिसतो. कपड्यांचाही विचार येथेच करावा. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी घेतली, त्याचे छायाचित्र पाहून अनेकांना तसे काही करावेसे वाटते. पण त्याआधी २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी घेतलेल्या, वर्षानुवर्षे अनुभव असलेल्या व्यक्तीची ती उडी होती. नवशिक्याने हँडलवर येऊ शकेल असे सैल वस्त्र, ओढणी किंवा जाकीट घालू नये. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याचेही तेच. 'सी' परवाना आणि २०० उड्यांच्या आधी कॅमेरा लावू नये, ही शिफारस दोरी अडकण्याच्या आणि लक्ष विचलित होण्याच्या अनुभवातून आलेली आहे.

घरी रिग ठेवायची ती कोरड्या, थंड, काळोख्या जागी. उन्हातले अतिनील किरण नायलॉनची ताकद हळूहळू काढून घेतात आणि डोळ्यांना ते दिसत नाही, म्हणून उतरल्यावर कॅनपी गवतावर पसरून गप्पा मारत बसू नये. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ती ठेवू नये, कारण तेथे उष्णतेबरोबर बॅटरीच्या ॲसिडचे आणि इंधनाचे अंशही असतात. ॲसिडचा एखादा थेंब लागलेले नायलॉन ऐन वेळी फाटू शकते. भिजलेली कॅनपी सावलीत वाळवावी, आणि समुद्रात उतरावे लागले असेल तर आधी गोड्या पाण्याने धुवावी आणि रिगरला दाखवल्याशिवाय पुन्हा वापरू नये.

सुट्टीत स्पेनच्या एम्पुरियाब्रावाला किंवा दुबईला उड्या घ्यायला जाणार असाल, तर रिग केबिनमध्ये सोबत न्यावी. अमेरिकेच्या विमानतळांवर एएडीसह पॅराशूट केबिनमध्ये आणि चेक-इन सामानातही चालते; मात्र ते इतर सामानापासून वेगळे बांधलेले असावे आणि नेहमीपेक्षा अर्धा तास आधी पोहोचावे. एएडीसोबत येणारे क्ष-किरण चित्राचे कार्ड जवळ ठेवावे. तपासनीसाने रिग उघडायला सांगितलीच, तर हँडलना हात न लावता आपल्या उपस्थितीत उघडण्याची विनंती शांतपणे करावी. जेथे जाणार तेथे राखीव पॅराशूटची मुदत, रिगरची सही आणि परवाना यांबाबत कोणते नियम आहेत, हे तिकीट काढण्याआधी त्या ड्रॉपझोनला लेखी विचारून घ्यावे. मुदत सहलीच्या मध्येच संपत असेल, तर ते आधीच पुन्हा बांधून घ्यावे.